साडूंचा ट्वीटर आणि माझे कान

जगातली निम्मी भांडणं ट्वीटर उघडा ठेवल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. ज्यांना ट्वीटर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्पीकरच्या खोक्यात खाली जाडा आवाज काढणारा मोठा पडदा असतो आणि वर लिंबाच्या फोडीएवढा एक घुमट असतो, तो बारीक आवाज काढतो. तो घुमट म्हणजे ट्वीटर. हे मलाही लग्नानंतरच कळलं. साडूंचं म्हणणं असं, की हा घुमट नुसता फळीवर ठोकला की समोर बसणाऱ्याच्या कानाला टोचतो आणि बाजूला बसणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. मग समोरचा म्हणतो कमी करा, बाजूचा म्हणतो वाढवा, आणि घरात जुंपते. त्यावर उपाय म्हणजे ट्वीटरच्या भोवती वाडग्यासारखा, पण वाडगा नव्हे, फुलासारखा, पण फूलही नव्हे, असा पसरट आकार बसवायचा. त्याला वेव्हगाईड म्हणतात. "म्हणजे भोंगाच ना?" असं मी लग्नाच्या नव्या नवलाईत विचारलं होतं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "साडूभाऊ, भोंगा आवाजाला ढकलतो. वेव्हगाईड ढकलत न्हाई, वाट दाखवतो." मी म्हटलं, "मग भोंग्याला वाट नसते का?" ते म्हणाले, "असते." "मग?" "मग काय? तेच तर सांगून राहिलो ना!" त्या दिवशी मी लातूरहून नांदेडला येईपर्यंत एसटीत त्याचाच विचार करत होतो आणि वाटेत लोहा गाव येईस्तोवर मला भोंगा म्हणजे काय हेही कळेनासं झालं होतं.

ते पाटबंधारे खात्यात आहेत, मूळचे निलंग्याचे, आता लातुरात घर. आयुष्य कालवे, चाऱ्या आणि पंपहाऊसात गेल्यामुळे आवाजाबद्दलही ते पाण्यासारखंच बोलतात. कालव्याच्या तोंडाशी भिंती एकदम संपवल्या तर पाणी भोवरे घेतं, तसाच आवाज फळीच्या कडेला भोवरे घेतो, असं ते सांगतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला त्यांच्या खात्यात टेल म्हणतात. "टेलच्या माणसाला पाणी मिळालं तर तो कालवा. न्हाईतर नुसता खड्डा," हे वाक्य त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही ऐकवलं होतं. वाढप्याने त्यांना जास्तीची बुंदी वाढली. त्यांना काय हवं आहे ते कुणालाच नीट कळत नाही, पण माणूस असा आहे की समोरच्याला काहीतरी द्यावंसं मात्र वाटतं.

त्यांच्या घरी जायचं म्हणजे बसायचं नाही, बसत राहायचं. पाणी पिऊन होतं न होतं तोच ते गाणं लावतात आणि आपल्याला खुर्चीवर बसवतात, मग खिडकीपाशी, मग दारात, मग "जरा मोरीपाशी उभं राहा की". प्रत्येक ठिकाणी विचारतात, "फरक वाटून राहिला का?" हो म्हणावं तर चेहरा पडतो, कारण फरक वाटायला नको हाच तर वेव्हगाईडचा गुण. नाही म्हणावं तर म्हणतात, "नीट ऐका, वाटतोय." एकदा त्यांनी एक गाणं दोनदा ऐकवलं आणि कुठलं चांगलं ते विचारलं. मी बराच विचार करून दुसरं म्हणालो. त्यांनी मध्ये काहीच बदललं नव्हतं. ते मात्र रागावले नाहीत. माझ्याकडे बराच वेळ कौतुकाने बघत राहिले. त्या कौतुकाचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, हिने या नादापायी घरातली भांडी लपवायला सुरुवात केली. कारण वेव्हगाईडचा आकार शोधताना साडूंनी आधी स्टीलची वाडगी कापली, मग नरसाळं, मग लग्नात आलेल्या एका घमेल्याला मधोमध भोक पाडलं. भांड्यांच्या दुकानात ते पातेल्यात तोंड घालून "स्स, स्स" असा आवाज काढून बघायचे. दुकानदाराला वाटायचं, साहेब पातेलं गळतंय का ते बघतात. रस्त्याच्या कडेला धोतऱ्याचं झुडूप दिसलं की स्कूटर थांबवून त्याच्या फुलात डोकावायचे. ती फुलं खिशात घालून आणायचे. धोतरा दम्यावर चालतो म्हणतात, म्हणून शेजारच्या बाईंनी शेवटी आक्काला हळूच विचारलं, "साहेबास्नी दमा हाय का?" आक्का म्हणाली, "दमा परवडला असता."

धातू घंटेसारखा वाजतो म्हणून शेवटी लाकूड ठरलं. उदगीरला पूर्वी त्यांची बदली होती, तिथे एक म्हातारे खरादवाले चाचा ओळखीचे. पाळण्याचे खांब आणि लाटणी करायचे. एकदा मीही सोबत होतो. साडूंनी सागाचा ठोकळा पुढे केला, धोतऱ्याचं फूल दाखवलं आणि हवेत हाताने एक वळण काढलं. चाचांनी ते वळण पाहिलं, फूल पाहिलं, मला पाहिलं. "साब, बेलन बोले तो बनातूं, पलंग का पाया बोले तो बनातूं. ये क्या है, पैले बोलो." साडू म्हणाले, "चाचा, ये आवाज की वाट है." चाचा म्हणाले, "आवाज की वाट लगाना है तो लकडी कायकू खराब करते?" पण केलं त्यांनी. वेव्हगाईडची जोडी केली, आणि दोन्ही इतके सुंदर की परतताना गाडीत एका बाईने ही कुठल्या देवाची भांडी म्हणून विचारलं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे साडूंनी कधी सांगितलं नाही. ते मला आक्काकडून कळलं. त्यांच्या कॉलनीतल्या विहाराचा हॉल पुढे शेड वाढवून काटकोनात वळवला आहे. समोरच्या भागात माणसं बसतात आणि वळणापलीकडे भिंतीच्या कडेने बायका. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तिथे रोज ग्रंथवाचन चालतं. जुन्या स्पीकरचा आवाज वळणापलीकडे पोचायचा तो नुसता घुमत. "शब्दच लागत न्हाईत तिकडं," आक्का दर वर्षी घरी येऊन म्हणायची. दर वर्षी ती नेमाने जायची आणि समोर माणसं हसली की आपणही हसायची. साडू ते ऐकून घ्यायचे, आणि काही दिवसांनी घरातलं एखादं भांडं कमी व्हायचं.

नवे स्पीकर तयार झाले आणि एका रविवारी सकाळी विहारात चाचणी ठरली. मी आणि माझी बायको नांदेडहून गेलो. साडूंची मुलगी आमच्याकडे राहून फार्मसीचं शिकते, तीही आली. विहार समितीचे अध्यक्ष होते, साडूंपेक्षा वयाने चांगले मोठे. वळणाच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवले, साडूंनी सुरू केले, आणि अध्यक्षांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "लई टोचून राहिलं, साहेब."

"टोचतंय?" साडू चकित झाले. "मला तर बारीक आवाज अजून कमीच वाटून राहिला." आणि त्यांनी तो आणखी वाढवला. दारात झोपलेलं कुत्रं उठलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानापुढे जाऊन झोपलं.

"पप्पा, ती शिट्टी बंद करा ना आधी," भाची म्हणाली.

"कुठली शिट्टी?"

शिट्टी मलाही आल्यापासून ऐकू येत होती. सुईसारखी, सलग. मला ती शास्त्राचाच भाग वाटली होती. साडूंनी आपला कान वेव्हगाईडपाशी नेला, आत खुपसला म्हटलं तरी चालेल. "काही न्हाई. तुम्ही मजाक करून राहिलात."

भाचीने मोबाईलवर काहीतरी काढलं, तो स्पीकरला जोडला. त्यातून एकच सूर निघायचा आणि बारीक बारीक होत जायचा. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. साडूंना कुठलीही चाचणी मनापासून आवडते. डोळे मिटून, पाठ ताठ करून त्यांनी हात वर केला. आम्हीही केले. सूर वर चढत गेला. थोड्या वेळाने साडूंनी हात खाली घेतला आणि समाधानाने म्हणाले, "संपला." त्यांनी डोळे उघडले. आमचे सगळ्यांचे हात वर होते. अध्यक्षांचासुद्धा. त्यांनी डोळे उघडल्याबरोबर आक्काने मात्र आपला हात झटकन खाली घेतला, आणि तेवढं एकच त्यांनी नीट पाहिलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"फोन वाजला तरी उठत न्हाईत तुम्ही," आक्का जमिनीकडे बघत म्हणाली. "तोंडावर कसं सांगावं?"

साडूंनी स्पीकर बंद केले आणि चटईवर बसले. मग मला म्हणाले, "म्हणजे घरी लावत होतो ते पण टोचत होतं?" मी म्हणालो, "टोचत होतं, दादा. पण मला वाटलं, भारी आवाज टोचतच असतील."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंपहाऊसांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं उभं राहिल्याने आणि काही वयाने बारीक आवाज गेलेत. गेले ते परत यायचे नाहीत, मशीन लावा. साडूंनी मशीन घेतलं, ऑफिसात लावायला लागले. पण स्पीकरवर त्यांनी एक जुनी चादर टाकली. "मशीनमधून ऐकून स्पीकर तपासायचा म्हणजे दुसऱ्याच्या जिभेनं मीठ चाखायचं," असं म्हणाले आणि पुढे बरेच दिवस त्या विषयावर बोललेच नाहीत. ते टीव्ही बघू लागले. आक्काने मला फोन केला, "तुम्ही या एकदा. तुमचं ऐकतेत ते." त्यांनी माझं आजवर एकही वाक्य ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, तरी मी गेलो.

चहा झाला. ते खिडकीकडे बघत होते. मग एकाएकी म्हणाले, "साडूभाऊ, माझे कान व्हाल का?"

"दादा, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. बाकी सगळे माझं मन राखतेत. तुमचा इतका गोंधळ असतो की मन राखायचं तुम्हाला सुचतच न्हाई. एकच गाणं दोनदा ऐकून दुसरं चांगलं म्हणालात. खोटं बोलणाऱ्याची एवढी हिंमत होत न्हाई."

हा अपमान होता की सन्मान, मी अजून ठरवलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी विहारात बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलो. सुट्टीला घरी आलेली भाची माईकवर वर्तमानपत्र वाचत होती आणि साडू कोपऱ्यात बटणांपाशी. "आता कसं?" ते ओरडायचे. माझ्याजवळ त्यांचे शब्द नव्हते, म्हणून मी जेवणातले वापरले. "तिखट लागतंय." ते काहीतरी फिरवायचे. "आता?" "आता अळणी." "आता?" "भात जरा कच्चा आहे, पण तिखट गेलं." आश्चर्य म्हणजे त्यांना ते कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच विषयावर बोलत होतो, निदान मला तसं वाटलं. शेवटी मी समोर जाऊन बसलो, परत भिंतीपाशी आलो, पुन्हा समोर गेलो आणि म्हणालो, "दादा, दोन्हीकडे सारखंच लागतंय. माझं काही चुकतंय का?"

त्यांनी बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली.

पौर्णिमेला हॉल भरला होता. साडू स्पीकरपाशी थांबले नाहीत. दारात, चपलांच्या ढिगापाशी माझ्या शेजारी उभे राहिले. मशीन त्यांनी काढून खिशात ठेवलं होतं. का, ते मी विचारलं नाही. एक निवृत्त शिक्षिका बुद्धाचं चरित्र वाचत होत्या. साडूंचं लक्ष पुस्तकाकडे नव्हतं की स्पीकरकडे नव्हतं. ते वळणापलीकडच्या भिंतीकडे, आक्काकडे बघत होते. मधेच बाईंनी पान उलटलं आणि राजपुत्राच्या जन्मावरून एकदम त्याच्या लग्नाच्या वयावर आल्या. थबकल्या, पान चाचपलं आणि म्हणाल्या, "थांबा बायांनो, पानं चिकटलीत. लेकरू अजून पाळण्यातच हाय."

हॉल हसला. समोरची माणसं आणि भिंतीकडच्या बाया एकाच वेळी हसल्या, कुणी कुणाकडे बघून नाही. आक्का तर तोंडाला पदर लावून हसत होती.

साडूंनी ते पाहिलं. मग माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. पानं चिकटल्याचं, पाळण्याचं. नीट सांगता आलं की नाही कोण जाणे. ते क्षणभर विचार करत राहिले आणि मग मोठ्याने हसले. एव्हाना हॉल शांत झाला होता, वाचन पुढे सुरू झालं होतं. दोघीतिघी बायकांनी वळून बघितलं, आता कशाला हसतायत म्हणून. आक्काने वळून बघितलं नाही. ती समोर बघत राहिली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.