टोबू म्हणजे गुडघा

पिल्लांनो, तुम्ही दोघं गुप्त भाषा बनवताय आणि त्यासाठी नेटवरून मूलभूत शब्दांची यादी घेतलीत, असं तुमची आई म्हणाली. म्हणून हे आजच लिहिते.

सदाशिव पेठेतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये रोज एक तरुण माझ्याशेजारी बसायचा. त्याचा खांदा आखडला होता. तोही अशाच यादीवरून भाषा बनवत होता. यादीतल्या एकेका शब्दापुढे नवा शब्द लिहायचा आणि हळूच पुटपुटून बघायचा.

"बोलायला दुसरं माणूस मिळालं तर ही भाषा, आजी. नाहीतर नुसती वही."

मी चष्मा लावून यादी तपासली. गुडघा होता, त्याला 'टोबू'. डोक्यातली ऊसुद्धा होती. दुखणं मात्र नव्हतं.

"अहो, गुडघा आहे आणि दुखणं नाही? मग मी बोलायचं काय?"

"आमच्या भाषेत अजून कुणाचं काही दुखलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात माझा नंबर आला. मी उठले आणि कळवळले, "आई गं!"

त्याने ते तत्परतेने वहीत उतरवलं.

"टोबू आईगं," मी म्हटलं.

आनंदाने त्याने दोन्ही हात वर केले आणि तोही ओरडला, "आईगं!"

खांदा बरा झाल्यावर तो यायचा थांबला. त्याच्या भाषेतले दोन शब्द माझ्याकडे अजून आहेत. जिना चढताना दोन्ही लागतात.