अगरबत्ती लावलेल्या गाडीचे ब्रेक

माझा शशीदादा थोडा भित्रा असता तर आज जिवंत असता.

आज त्याचा स्मृतिदिन. आमच्या बुवापाड्यात अजून लोक बोलतात, मेलेल्याच्या गाडीने शशीला नेला. ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं.
म्हणून एकदाच लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे मी, चुका काढत बसू नका.

दादा अंबरनाथला एका कंपनीत फिटर होता. हात चांगला, तोंड तिखट.

नव्वदच्या पुढची गोष्ट. त्याने एक जुनी छोटी गाडी घेतली. आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी.
उभी असली की बरी दिसायची. चालली की सगळी खडखडायची, आणि ब्रेक मारला तरी विचार करून थांबायची.

दादा बोलला, उल्हासनगरला भंगारात नवीन मॉडेलच्या गाड्या येतात. त्यातलेच ब्रेक आणि शॉकअप काढून हिला बसवतो.

मी तेव्हा घरी जीन्सचे धागे कापायचं काम करायची. माल द्यायला उल्हासनगरच्या कॅम्पात गेलेली, तर हा मला पण भंगारवाल्याकडे घेऊन गेला.

शेठ सिंधी, वयस्कर. गाड्या एकावर एक रचलेल्या.
एक गाडी मात्र बाजूला. पुढून चेपलेली, चाकं शाबूत. बॉनेटच्या फटीत जळलेल्या अगरबत्त्या.

माणूस मेलेली गाडी आली की शेठ अगरबत्ती लावायचा, पाणी शिंपडायचा. त्याआधी कोणाला पाना लावू द्यायचा नाही.

दादा सरळ तिच्याकडेच गेला. वाकून चाकात बघितलं.
"शेठ, हिचेच पाहिजेत. शॉकअप पण हिचेच."
"इसका मत ले, भाई. दूसरी किसी का ले जा."

झालं. दादाला चेव आला.

हा माणूस विहारात भाषणं करणारा. अमावास्येला चौकात कोणी उतारा टाकला तर त्यातलं लिंबू उचलून सगळ्यांसमोर सरबत करून प्यायचा.

"शेठ, आम्ही बौद्ध. भूतबित मानत नाय."
"अरे, पर सुन तो..."
"तुम्ही ऐका. मेलेला माणूस लोखंडात राहतो काय? मग ह्या सगळ्या भंगारात किती जण राहत असतील?"

शेठ मध्ये मध्ये तोंड उघडायचा, हा बंद करायचा.
मी बोलली, "दादा, तो काय बोलतोय ते तरी ऐक."
"तू गप. असं ऐकून ऐकूनच आपल्या पिढ्या गेल्या."

शेवटी शेठने हात जोडले. "ले जा, बाबा."

रविवारी गल्लीतच जॅक लावून दादाने सगळं बसवलं. गाडी जरा उंच झाली. दादापण.

पहिल्याच फेरीत वहिनी बोलली, "ब्रेक मारला की डावीकडं ओढते ओ."
"नवीन आहे. बसेल जागेवर."

शेजारची म्हातारी ओट्यावरून बोलली, "त्या मेलेल्याला डावीकडं जायचं असंल."
सगळे हसले. दादा नाही हसला.

त्यानंतर कोणी ब्रेकचं नाव काढलं की ह्याला भूतच ऐकू यायचं.
मी सांगितलं, "भूत गेलं खड्ड्यात. चाक खोलून बघ एकदा."
"खोललं की ही सगळी काय बोलतील माहितेय? शशी घाबरला."

चाक काही खोललं नाही.

पुढे वहिनीच्या बहिणीची हळद होती. माहेर तिचं बारवी धरणाच्या पलीकडे. दादा, वहिनी, तिच्या मांडीवर त्यांचा लहानगा अमोल, मागे मी.

बदलापूर मागे पडलं आणि जळका वास यायला लागला. दादाने काच खाली केली.

मोठ्या उताराच्या तोंडावर त्याने कशीबशी गाडी थांबवली. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

वहिनी अमोलला घेऊन उतरली.
"मी नाय बसत. चालत येते."
"काय, भूत दिसलं?"
"दिसू दे नायतर नको दिसू दे. माझं पोर ह्याच्यात नाय बसवायची."

मी पण उतरली. "दादा, थंड होऊ दे जरा. कोण मरतंय तिकडे."

तो आम्हा दोघींकडे बघून हसला.
"खाली वळणावर थांबतो. या चालत. बघू भूत कुठे नेतंय मला."

गेला.

वळणापर्यंत गाडी दिसत होती.
मागचा लाल दिवा पेटलेला. ब्रेकवर पाय होता त्याचा.
दिवा पेटलेलाच होता, आणि गाडी जोरातच चाललेली.

पुढचं मी लिहिणार नाही.

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला शेठ आला. दारातच बसला, आत येईना.

"बहन, मैंने भूत का बोला ही नहीं था. अगरबत्ती तो मेरी आदत है. उस गाडी का राईट का ब्रेक पकडता नहीं था. उसी में ठुकी थी. वही बता रहा था. उसने बोलने कहाँ दिया."

वहिनीने त्याला पाणी आणून दिलं. तो पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

अमोल आता बापापेक्षा उंच झालाय. त्यालाही लोकांनी भुताचीच गोष्ट सांगून ठेवलीय.
अमोल, हे वाच. तुझा बाप अडाणी नव्हता आणि त्याला कोणी झपाटलं पण नव्हतं. उजवा ब्रेक गंजलेला होता, आणि तो अडून बसला होता. एवढंच.

दादा, भूत नाही हे तुझं बरोबरच होतं.
पण समोरचा नको बोलला, तर का नको, एवढं विचारायला तुझं काय जात होतं?

राग अजून गेला नाही माझा. आज विहारात मेणबत्ती लावून आली, तरी नाही गेला.

जयभीम, दादा.