बॉनेट कोणी लावायचं

माझे सासरे गाड्यांचे डॉक्टर. ही पदवी त्यांना गल्लीने दिली आणि त्यांनी ती इतकी मनावर घेतली की गाडी गॅरेजात आली की आधी हात धुतात. मग मालकाला खुर्चीवर बसवून विचारतात, "कधीपासून? चालताना की उभी असताना?" आणि डोळे मिटून ऐकतात. माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, बारा वर्षं त्यांच्यासोबत तिथेच काम करते. मी शाळेत भूगोल शिकवतो. मला इंजिनातलं काडीचंही कळत नाही, आणि हे सासरे चारचौघांत आवर्जून सांगतात.

गॅरेजचा एकच नियम. काम झालं की बॉनेट सासरेच लावणार. "ज्याने बॉनेट लावलं त्याची जबाबदारी," असं त्यांचं म्हणणं. अख्खं काम बायकोने केलेलं असलं तरी शेवटी ते येणार, वाकून बघणार, दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबणार आणि स्वतः एक फेरी मारून येणार, इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावरची नजर न हलवता. बारा वर्षांत तिने एकदाही बॉनेट लावलेलं नाही. मला याचा राग यायचा. तिला येत नसे, किंवा आला तरी ती दाखवत नसे.

गेल्या महिन्यात तापायला लागली ती नेमकी माझी गाडी. सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, त्याआधीचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे माझ्याच गाडीला रेडिएटरचा नवा पंखा बसवणं. परत आले तर पहिलं काम पुन्हा माझीच गाडी. मोकळ्या रस्त्यावर ती अगदी गुणी. सिग्नलला चार मिनिटं थांबलो की काटा लाल रेघेकडे निघायचा.

पंखा फिरतोय की नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. फिरत होता. मग थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापली. रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरलं. तरी तापली. पाण्याचा पंप बदलला, आणि मी शाळेच्या फाटकाशी वाफेत उभा राहिलो. पोरांना ढग कसे बनतात ते शिकवायची आयती सोय झाली, असं मी सासऱ्यांना म्हणालो. ते हसले नाहीत.

"हेड गॅस्केट गेलं असणार," ते म्हणाले. "उद्या इंजिन उघडतो. तेही नसेल, तर मी घरी बसतो. डॉक्टरलाच रोग कळत नसेल तर दवाखाना कशाला चालवायचा?"

चिडून म्हणाले असते तर मी कानाआड केलं असतं. पण ते शांतपणे बोलले. या माणसाला गॅरेजशिवाय दुसरं काही सुचत नाही. घरी बसला तर पहिला आठवडा आमचं डोकं खाईल आणि नंतर बोलायचाच बंद होईल.

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर थेट गॅरेजात गेलो. पाने ओळीने मांडून ठेवले होते. इंजिन चालू होतं.

"बाबा, उघडायच्या आधी एकदा कागद लावून बघू या?" बायको म्हणाली.

"पंखा फिरतोय, पोरी."

"फिरतोय हो. तरी बघू. मी दहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत." मग माझ्याकडे वळून, "अरे, एक कागद दे."

माझ्या पिशवीत उत्तरपत्रिकांशिवाय काही नव्हतं. ज्या पठ्ठ्याने विषुववृत्त उत्तर ध्रुवाशेजारी नेऊन ठेवलं होतं, त्याची पुरवणी मी काढून दिली. पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे पुढच्या जाळीशी धरलेला कागद जाळीला चिकटायला हवा. सासऱ्यांनी कागद धरला आणि सोडला. तो उडून त्यांच्याच छातीवर आपटला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तेच.

पंखा उलटा फिरत होता. इंजिनाची गरम हवा तो जाळीतून बाहेर फेकत होता. धावताना समोरचा वारा सांभाळून घ्यायचा, थांबलो की सगळं बोंबलायचं.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि वाकून वायरी पाहिल्या. पंखा बसवताना प्लग जुळला नव्हता, म्हणून त्यांनी त्या हाताने जोडल्या होत्या; अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो.

"ही तपकिरी आहे," ते म्हणाले. "तेव्हा मला दोन्ही काळ्याच दिसल्या होत्या."

मी उगाच विषुववृत्त तपासत बसलो.

"तुला कधी कळलं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"काल. गाडीपुढे उभी होते, तर पायांवर गरम वारा आला."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल मी सांगितलं असतं तर आज तुम्ही आलाच नसता."

ते बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग त्यांनीच वायरींची अदलाबदल केली. इंजिन चालू केलं. पंखा लागला तसा कागद जाळीला घट्ट चिकटला. अर्धा तास गाडी जागच्या जागी चालू ठेवली, काटा मधोमध ठाण मांडून बसला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"उद्या टेम्पोचं काम आहे ना, त्या टेम्पोवाल्याला नऊला बोलव," सासरे म्हणाले. "दोघं मिळून बघू."

"बरं," म्हणून बायको सवयीने बाजूला झाली, त्यांना बॉनेटपाशी येता यावं म्हणून. ते जागचे हलले नाहीत.

"लाव ना. बघतेस काय?"

तिने हात पँटला पुसले. दोन्ही तळवे टेकले, थेट त्यांच्यासारखे, आणि बॉनेट दाबलं. खट्‌ असा आवाज झाला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. वाफ गेली डोळ्यांत, असं मी सांगितलं. त्या दिवशी वाफ नव्हतीच.

फेरी मारायला सासरे सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले, थांबले, आणि मागचं दार उघडून आत बसले. गाडी मी चालवली, ही शेजारी. सिग्नल लागला. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. माझी नजर हळूच काट्याकडे वळली.

"जावईबापू, समोर बघा," मागून आवाज आला. "काटा काय बघताय? बॉनेट तिने लावलंय."