पेरू आणि वरचा थर

चमचा उलटा धरून ते भांड्यातल्या पदार्थावर टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, "ऐका." आम्ही ऐकायचो. आवाज कधीच यायचा नाही.

ते म्हणजे आमच्या शेजारचे साहेब. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. साहेब ही पदवी त्यांनी स्वतःच मंजूर करून घेतली होती. धाराशिवच्या आमच्या कॉलनीत पहिला ओव्हन त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटला. पेरूच्या हंगामात दर रविवारी ते त्यात फ्रूट क्रिस्प भाजायचे. खाली पेरूच्या फोडी, वर ज्वारीचं पीठ, गूळ, लोणी आणि शेंगदाण्याचं कूट. वरचा थर कुरकुरीत व्हावा, असा नियम. पेरूला नियम माहीत नव्हता. तो पाणी सोडायचा.

"याला डेझर्ट म्हणतात."

"डेझर्ट म्हणजे वाळवंट ना, साहेब? मग यात एवढं पाणी कसं?"

"तुम्ही मास्तर लोक. तुम्हाला काय कळणार."

आम्ही शेजारी खायचो आणि स्तुतीही करायचो. फुकटच्या पदार्थाची ती करावीच लागते. साहेबांचं लक्ष मात्र दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोकडं, आमच्या काकूंकडं.

"कसं झालंय?"

काकू चमचा चाटून म्हणायच्या, "खाण्यालायक हाय."

साहेबांचा चेहरा उतरायचा. पुढच्या रविवारी पुन्हा पेरू.

एकदा मी काकूंना म्हटलं, "एकदा चांगलं म्हणा की. किती खपतात ते."

"चाळीस वर्षं मी रांधलं. रोज इचारलं, कसं झालंय. रोज ह्योच शेरा मिळाला. आता त्यांना बी कळू द्या."

साहेब आतच होते. त्या संध्याकाळी पातळ भिंतीपलीकडून ऐकू आलं, "वांगं चांगलं झालंय."

"अर्ज मुदतीनंतर आलाय," काकू म्हणाल्या.

मागच्या वर्षी साहेब गेले. यंदा पेरू आले, तशा काकू तेच भांडं घेऊन आमच्याकडं आल्या. मी साहेबांसारखा चमचा उलटा करून वरच्या थरावर आपटला. टक्, असा स्वच्छ आवाज आला.

"काकू, वाजलं की."

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासारखं चांगलं न्हाय झालं."