आधी अंग धुतात

अविनाश गेल्याचं मला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी फोन करून सांगितलं. फ्रीमाँटमध्ये त्याचं टाउनहाउस आमच्यापासून चार मिनिटांवर, आणि बातमी पोचायला दोन दिवस... त्याला आता सहा आठवडे झाले.

मी आमच्या घरातला किस्सेवाला. बायको सुनीता हसत नाही, मुली ‘बाबा, प्लीज’ म्हणतात, म्हणून मला पाहुणे लागतात. अविनाश हा माझा हॉस्टेलपासूनचा श्रोता. घटस्फोटानंतर दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. कंपनी त्याला वर्षातून दोनदा जपानला पाठवायची. एकदा फ्रीवेवर गाड्या ठप्प असताना त्याने आपणहून सांगितलं, की तिथे परवाना असलेली स्नानगृहं असतात, बाई अंघोळ घालते आणि गोष्ट अंघोळीवर थांबत नाही; तो तिथे जातो.

‘किती वेळा?’

‘प्रत्येक ट्रिपला. पहिल्यांदा परदेशी म्हणून दोन दारांतून परत पाठवलं मला.’

‘लाज नाही वाटत?’

‘वाटते ना. मी काही देवळात जात नाही. पण लेका, केस धुताना ती कपाळावर हात आडवा धरते, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून. तेही पैशांचंच, माहितीये मला. तरी...’ पुढची गाडी हलली.

हे फक्त मला सांगितलंय, एवढं मला कळत होतं. पण आमच्याकडच्या गणपतीच्या जेवणाला वीस माणसं समोर दिसली आणि माझी जीभ सुटली. नाव घेतलं नाही, ‘माझा एक मित्र’ म्हणालो. मित्र आल्या आल्या टबात उडी मारतो, घसरतो, बाई त्याला शेंडी धरून वर काढते, असं सगळं पदरचं घातलं. लोक हसून लोळत होते. अविनाश ताट घेऊन खिडकीशी उभा होता. शांतपणे म्हणाला, ‘तसं नसतं रे. आधी अंग धुतात. टबात नंतर उतरायचं.’

हसणं एकदम थांबलं. तो चुकून बोलून गेला, की त्या बाईची थट्टा त्याला सहन झाली नाही, मला आजही कळलेलं नाही. ‘अरे, किस्सा माझाच आहे,’ असं मी तेव्हा म्हणू शकलो असतो. मी ‘कुणाला मोदक हवाय?’ असं विचारलं.

पुढच्या रविवारी सुनीता म्हणाली, ‘अहो, मुली मोठ्या होतायत.’ मी ‘हं’ म्हणालो. बाकीच्या घरांनीही बहुधा तेवढंच केलं असावं. तो आला नाही, मी फोन केला नाही. किराणा दुकानात दिसला की तोच विचारायचा, ‘मुली कशा आहेत?’

त्याचं घर आवरायला आम्ही दोघंच गेलो. बाथरूममध्ये एक बुटकं स्टूल होतं आणि नळावर खरखरीत कापडाची लांब पट्टी, वाळून कडक झालेली.

‘हे एवढं लांब कशाला हो?’ सुनीताने विचारलं.

‘पाठ घासायला. दोन्ही टोकं धरायची. एकट्याला जमतं.’

तिने ती पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली. आता रोज सकाळी मी ती वापरतो. मला अजून नीट जमत नाही. माझी धडपड ऐकून सुनीता दाराबाहेरून विचारते, ‘घासून देऊ का?’

मी ‘नको’ म्हणतो.