दोन्ही बाजूंचे पाटे

माझा मोठा भाऊ सुदाम गेला, तेव्हा त्याची पिकअप अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

मागची दोन्ही चाकं काढलेली. काढणारा मी.

आज वर्ष झालं. फोनवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, नेमकं काय झालं? मी दरवेळी "अटॅक" एवढंच सांगून फोन ठेवला. आज पूर्ण लिहितो.

शेलूबाजारपासून थोडं आत आमचं गाव. भाऊची गाडी चौदा वर्षं जुनी. सोयाबीन, बकऱ्या, लग्नाचं सामान, पोहरादेवीच्या यात्रेची माणसं, सगळं तिच्यातून जायचं. गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की पहिला फोन भाऊला.

मागचे पाटे, म्हणजे चाकांवर भार पेलणारे स्प्रिंगचे लोखंडी पट्टे, इतके बसले होते की रिकामी गाडीसुद्धा भरलेली दिसायची. पारावरची मंडळी मुद्दाम विचारायची, "काय भरलं बे सुदाम?"

भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "हवा."

दरवर्षी तो पाटे काढून लोहाराकडे न्यायचा. गरम करून, ठोकून, परत कमान देऊन आणायचा. सहा महिन्यांत ते पुन्हा सपाट.

मी पुण्यात कंपनीत. चार दिवसांच्या सुट्टीत गेलो आणि त्याला न विचारता वाशिमहून दोन्ही बाजूंचे नवीन पाटे आणले. भारी गिफ्ट दिल्यासारखे अंगणात उतरवले. व्हिडिओ बघून शिकलो होतो. मेकॅनिक कशाला, मीच बसवणार!

भाऊ हसला. म्हणाला, "कर बापा. पन एक बाजू खोल. ते पुरी बसली का मंग दुसरीले हात लाव."

"काहून?"

"नवा माल नाई बसला तं जुना परत चढवता येते. गाडी अडकून नाई राहत. कवा कोनाले लागन, सांगता येते का?"

हा त्याचा नियम होता. चौदा वर्षांत त्याने गाडी एकदाही पूर्ण खोलून ठेवली नव्हती.

मी ऐकलं नाही. दोन्ही बाजू एकदम खोलल्या तर दुपारपर्यंत काम संपेल, हा माझा हिशोब. पाटा ॲक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट गंजले होते. भाऊ म्हणाला तेल सोड, थांब थोडं. मला कुठे दम! सरळ ग्रायंडरने कापून टाकले. दोन्ही बाजूंचे.

नवीन पाट्यांचा थर जाड निघाला. सोबत आणलेले बोल्ट आखूड पडले.

मी बाईक काढून लांब बोल्ट आणायला शेलूबाजारला गेलो. परत आलो तर भाऊ अंगणात काढून ठेवलेल्या चाकावर बसला होता. घामाने शर्ट चिंब. वहिनी पदराने वारा घालत होती.

"काही नाई, आग होऊन राह्यली छातीत. पोहे जास्त झाले."

त्याला बाईकवर बसवून बघितलं. मान धरवत नव्हती.

गावातल्या बाकीच्या गाड्या बाहेर गेलेल्या. शेवटी शेलूबाजारहून ओळखीच्याची जीप बोलावली. जिथून मी आत्ताच आलो होतो, तिथून. ती येईपर्यंत आम्ही तिघं त्या उघड्या गाडीजवळ बसून होतो. तो वेळ किती होता ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटलेलेच. मला म्हणाला, "संज्या, चारी नट सारखे कस. एकच नट पयले आवळू नको."

मी म्हटलं, "हो भाऊ."

दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

तेरवीनंतर मी ती गाडी जोडली. एक बाजू पूर्ण केली, मग दुसरी. आता ती चुलतभाऊ चालवतो. मी तिच्यात अजून बसलेलो नाही.

आणि वर्षभर वहिनीच्या नजरेला नजर दिली नाही. फोन करायचो, पोरांच्या शाळेचं विचारायचो, बस. भाऊने मला "एक बाजू खोल" सांगितलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा आत पोहे करत होती. तिला कळलं तर ती मला कधीच माफ करणार नाही, याची मला खात्री होती.

आज वर्षश्राद्धाला आलो ते ठरवूनच. जेवणं उरकल्यावर ती ओट्यावर एकटी दिसली. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. नियम, ग्रायंडर, सगळं.

ती खाली बघत ऐकत होती. मला वाटलं आता उठून आत जाईल.

मग म्हणाली, "भाऊजी, मलेबी तुमाले एक सांगाचं हाय. वर्सभर हिंमत नाई झाली."

तीच पुढे सांगू लागली, "त्यायच्या छातीत दोन दिसापासून दुखत होतं. मले म्हने, संज्या चार दिसासाठी आला, त्याले सांगजो नको. त्याची सुट्टी दवाखान्यात जाईन. मी आयकलं त्यायचं."

आणि मग, "तुमी मले माफ करान का?"

आम्ही दोघंही रडलो. तिची पोरं दारात येऊन बघत उभी राहिली.

वर्षभर ती माझ्या फोनला घाबरत होती. मी तिच्या आवाजाला.

भाऊ, तुला श्रद्धांजली वाहायला बसलो होतो, पण खरं सांगू? आज मला तुझा पहिल्यांदा राग आला. माझी सुट्टी वाचवली तू. चार दिवसांची सुट्टी!

सांगायचं होतंस रे. मी तुला खांद्यावर टाकून नेलं असतं.