आजोबांचं वेगळं पान

एअर फ्रायर घ्यावा का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

खांदा कॉलनीतल्या या घरात तेव्हा आम्ही दहा माणसं होतो. शेजारशेजारचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले. ह्यांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या, हृदयात स्टेंट घातला आणि डॉक्टरांनी तळण बंद केलं. त्या वर्षी तुमचे बाबा सुट्टीवर आले होते. वाशीच्या मॉलमधून त्यांनी हे यंत्र आणलं. "आता कोथिंबीर वडी पण चालेल," ते म्हणाले. आजोबा खूश झाले. वडी हा त्यांचा जीव होता.

आमच्याकडे रात्री सगळे एकत्र जमिनीवर बसत. शेवटच्या पानात वाढून होईपर्यंत आजोबा घास उचलत नसत, आणि ते सुरू करीत नाहीत तोवर कोणीच नाही. त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत.

यंत्रात एका वेळी मावत होत्या आठ-दहा वड्या. पहिला घाणा मुलांच्या पानांत पडला, दुसरा लागला, आजोबा हात बांधून बसले. मुलं रडकुंडीला आली. तिसरा निघाला तेव्हा पहिल्या वड्या चामड्यासारख्या झाल्या होत्या.

"भावोजी, एवढ्या वेळात मी दहा जणांच्या भाकऱ्या थापल्या असत्या," तुमची धाकटी आजी, माझी जाऊ, म्हणाली.

"मग थाप की," आजोबा म्हणाले. सगळे हसले. तेही हसले.

आठवडाभर असं चाललं. मग मोठ्या काकूने व्यवहार्य तोड काढली: आजोबांचं यंत्रात, बाकीच्यांचं कढईत. मलाही ते पटलं. पण विमानतळासाठी उलव्याकडे टेकडी फोडत होते, धुळीमुळे खिडक्या बंद असत आणि तळणाचा वास घरात कोंडून राही. त्या वासात आजोबा आपल्या कोरड्या वड्या चावत बसायचे.

"आजाऱ्याचं पान," एकदा ते म्हणाले.

त्यानंतर ते लवकर जेवू लागले. संध्याकाळी सातला यंत्राची घंटा वाजली की "माझी घंटा झाली" म्हणत टेबलाशी एकटे बसत. मी जवळ बसायचे, पण मी काही पंगत नव्हे. हळूहळू दोन वड्यांतली एक उरू लागली, मग दोन्ही.

एका रविवारी आम्ही सगळे पानांवर होतो. कढईतल्या वड्या नुकत्याच वाढल्या होत्या. आजोबा खोलीतून आले आणि आपल्या जुन्या जागी बसले, पानाशिवाय.

"एक घ्या भावोजी, एकाने काय होतंय?" धाकटी आजी म्हणाली.

"काकू, नको," तुमचे मोठे काका म्हणाले.

"मला नकोच आहे. मी नुसता बसतो. तुम्ही करा सुरू."

कोणाला सुरू करता येईना. धाकट्या नातवाने हात पुढे नेला, त्याच्या आईने तो धरला. शेवटी आजोबाच उठून खोलीत गेले. तोवर वड्या गार झाल्या होत्या. त्या तशाच खाल्ल्या गेल्या. पुन्हा ते पंगतीला आले नाहीत.

तपासणीला डॉक्टरांनी वजन बघून शाबासकी दिली. काय खातात, हे विचारलं. कोणाबरोबर खातात, हे विचारायची पद्धत नाही. पुढच्या थंडीत ते गेले, हृदयानेच. यंत्राने गेले असं मी म्हणत नाही. चार महिने जास्त मिळाले असतील तर त्यानेच मिळाले. पण ते महिने कसे गेले, ते मी जवळून पाहिलं आहे.

नंतर पंगतही राहिली नाही. सुरुवात कोणी करायची हे ठरेना, म्हणून ज्याला भूक लागेल तो वाढून घेऊ लागला. यंत्र मात्र चांगलं टिकलं. जाळी रोज कोमट पाण्यात भिजवावी, घासणीने खरवडू नये.

तेव्हा विचारलंत म्हणून सांगते. दहा माणसं एकत्र बसणार असतील तर त्याचा उपयोग नाही, कढईच लागते. पण तुम्ही चौघं चार वेळांना जेवता, असं तुमची आई म्हणते. मग घ्या. तुम्हाला पुरेल.